कादंबरीला पडद्यावर आणणारा चित्रकार : बाबूराव पेंटर

ऐतिहासिक कादंबरीवरून चित्रपट तयार करणे आज नवलाचे राहिलेले नाही. मात्र 1923 साली, चित्रपटाला वाचा फुटलेली नसताना, कोल्हापूरच्या एका चित्रकाराने हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या गाजलेल्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट निर्माण केला. या चित्रकाराचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर या नावाने ओळखतो.

बाबूरावांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केल्या. बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत असत. या पडद्यांनी दोघांना मोठा लौकिक मिळवून दिला. पुढे चित्रपटाने त्यांना झपाटले. परदेशी कॅमेरा विकत घेणे परवडणारे नव्हते, म्हणून तो स्वतःच तयार करण्याचा ध्यास दोघांनी घेतला. मात्र 1916 साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. अपुरे राहिलेले काम बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तडीस नेले आणि देशी बनावटीचा कॅमेरा प्रत्यक्षात आला.

गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्याने कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 साली पुण्यात प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके वास्तव होते की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

मूकपटापुढचे आव्हान

पौराणिक कथा प्रेक्षकांच्या परिचयाची असे. कादंबरीची गोष्ट वेगळी होती. हरिभाऊंचे सामर्थ्य त्यांच्या निवेदनात आणि पात्रांच्या संवादांत होते. मूकपटात यांपैकी काहीच उरत नव्हते. दोन दृश्यांच्या मध्ये अक्षरपाट्या दाखविता येत, पण समोरच्या प्रेक्षकांपैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. मुलाचे लग्न बाजूला ठेवून कोंढाण्याच्या मोहिमेवर निघालेल्या तानाजी मालुसरे यांची कथा डोळ्यांनाच समजावी लागणार होती. हरिभाऊंचे 1919 साली निधन झाले होते. आपल्या कादंबरीचे हे रूप त्यांना पाहता आले नाही.

बाबूरावांनी या प्रश्नाकडे चित्रकाराच्या नजरेने पाहिले. रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी घडीव, भरीव देखावे उभारले. वेशभूषा, शस्त्रे आणि दृश्यांची मांडणी यांची रेखाटने ते आधी स्वतः करीत. लेखक ज्या काळाचे वर्णन शब्दांनी करतो, तो काळ त्यांनी कापड, लाकूड आणि प्रकाश यांतून उभा केला.

कोंढाण्यावरचा हल्ला रात्रीचा होता, तर त्या काळी चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. ‘सिंहगड’मधील रात्रीच्या दृश्यांसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. भारतीय चित्रपटातील हा अशा प्रकारचा पहिला महत्त्वाचा प्रयोग मानला जातो. वृद्ध शेलारमामांची भूमिका विशीतल्या व्ही. शांताराम यांनी केली. या चित्रपटाला लोटलेल्या गर्दीमुळे महसूल खात्याचे लक्ष वेधले गेले आणि त्यातूनच करमणूक कर आला, अशी नोंद चित्रपटाच्या इतिहासात आढळते.

शिष्यांची वेगळी वाट

त्यानंतर 1925 साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ हा चित्रपट काढला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ही कथा नारायण हरि आपटे यांची होती. नावातील साम्यामुळे या दोन लेखकांत अनेकदा गल्लत होते. सामाजिक वास्तव पडद्यावर आणणारा हा चित्रपट बाबूरावांच्या कारकिर्दीतील मानाचा टप्पा ठरला.

मात्र 1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांचे बिनीचे सहकारी कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. बोलपटांचे युग सुरू होत असतानाच महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कारभार आटोपला. बाबूराव पुन्हा चित्रकला आणि शिल्पकलेकडे वळले. अधूनमधून त्यांनी बोलपटही केले. त्यांत ‘उषा’, ‘प्रतिभा’ आणि 1936 साली नव्याने काढलेला ‘सावकारी पाश’ यांचा समावेश आहे. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले. मात्र 1933 साली शांतारामांनी प्रभातसाठी पुन्हा ‘सिंहगड’ काढला, तोही हरिभाऊंच्या त्याच कादंबरीवरून. या वेळी पात्रांना आवाज होता. गुरूने दहा वर्षांपूर्वी शब्दांवाचून सांगितलेली कथा शिष्याने शब्दांसह सांगितली. त्या कथेला पडद्यावर कसे उभे करावे, याचे पहिले धडे शांतारामांनी कोल्हापुरात बाबूरावांच्या हाताखालीच गिरविले होते.