वालचंद हिराचंद : गिअरबॉक्सपर्यंत पोहोचलेले स्वदेशीचे स्वप्न

जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांच्या भारतीय इतिहासात वालचंद हिराचंद यांचे नाव आरंभीच येते. त्यांपैकी जहाज आणि विमान यांची आठवण वारंवार निघते. मोटारीचा प्रयत्न मात्र सर्वांत अधिक अडवला गेलेला होता.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरच्या व्यापारात मन न रमल्याने रेल्वेतून आलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे हे त्यांच्या कारकिर्दीतील मोठे काम. 1919 मध्ये त्यांनी सिंदिया कंपनीची स्थापना केली आणि ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे रवाना झाले.

त्या काळी देशात मोटारी व ट्रक येत ते सुट्या भागांच्या पेट्यांतून. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत जोडणी चालवली होती. पण जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे. हा फरक ज्याला समजून घ्यायचा असेल त्याने जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स उघडून पाहावा. त्यातील दातेरी चक्रे मिश्र पोलादाची. दात्यांचा पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट राखावा लागतो. मापात केसाएवढी चूक झाली तरी चक्र कण्हू लागते. चक्रांची गती आपोआप जुळवणारी सोयही त्या काळच्या बहुतेक ट्रकांत नव्हती. खालचा गिअर टाकताना चालक क्लच दाबून दांडा मध्ये आणी, क्लच सोडून इंजिनाला किंचित वेग देई आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकी. चोर्ला वा अनमोड घाटात जुनी गाडी चालवलेल्यांना हा दुहेरी क्लच सांगावा लागणार नाही. उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून गाडी खालच्या गिअरवर धरायची, क्लचवर पाय रेंगाळू द्यायचा नाही आणि गिअर ऑइलची पातळी तपासत राहायची, एवढे पथ्य चालकाच्या हाती असे. मात्र चक्राचा दात तुटला तर परदेशातून भाग येईपर्यंत ट्रक उभा राही. हे परावलंबन वालचंदांना सलत होते.

1939 मध्ये याच कामासाठी ते अमेरिकेला गेले. परतीच्या विमानप्रवासात विल्यम पॉली यांची गाठ पडली, आणि त्यातून 1940 मध्ये बंगळूरचा हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना उभा राहिला. क्रायस्लरशी बोलणी साधूनही ज्या मोटारीसाठी ते निघाले होते, ती मागेच राहिली. युद्धासाठी ट्रकांची निकड असतानाही ब्रिटिश सरकारने या कारखान्याला युद्धोपयोगी मानले नाही. यंत्रसामग्रीची वाट त्यामुळे बंद झाली.

वालचंदांनी हेका सोडला नाही. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 मध्ये मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ही नावे भारतीय रस्त्यांवर रुळली. आरंभ मात्र त्यांनाही जोडणीनेच करावा लागला. ज्या अवस्थेवर त्यांचा आक्षेप होता, तिच्यातूनच त्यांची वाट गेली. एकेक भाग इथे घडवत जायचे, हाच पुढचा मार्ग होता.

तो मार्ग पूर्ण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 1949 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, 1950 मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी टॅरिफ आयोगाने केवळ जोडणीवर थांबणाऱ्यांना वाव न देण्याची भूमिका घेतली, आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी येथील काम आवरले. तीन वर्षांनी, 1956 मध्ये, भोपाळच्या अवजड विद्युत यंत्रांच्या प्रकल्पासाठी स्वतंत्र भारताच्या सरकारने स्वतःची कंपनी स्थापन केली. यंत्र इथेच घडावे या आग्रहाला आता राज्यसत्तेचे पाठबळ होते. वालचंदांनी तो आग्रह सत्ता विरोधात असताना धरला होता.