हिंगण्याची झोपडी

लातूर येथे मुलींसाठी एक शासकीय तंत्रनिकेतन आहे. त्याच्या नावातच निवासी असा शब्द आहे. दूरच्या खेड्यांतील मुली तेथे राहतात आणि अभियांत्रिकीची पदविका घेऊन बाहेर पडतात. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतही मुली यंत्रांचे आणि विजेचे शास्त्र शिकतात. आज याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु मुलींना शिकवावयाचे तर आधी त्यांच्या राहण्याची सोय केली पाहिजे, ही साधी गोष्ट महाराष्ट्राला पटवून देण्यासाठी गणिताच्या एका प्राध्यापकाला आपले सारे आयुष्य वेचावे लागले. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना आदराने अण्णा म्हणत.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली या गावी झाला. त्यांचे बालपण मुरूडला गेले. हे मुरूड लातूरजवळचे नव्हे, दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे. घरची स्थिती बेताची होती. एका सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास जावे लागणार होते. ती वाट शंभराहून अधिक मैलांची, म्हणजे लातूरहून नांदेडला जाण्यापेक्षाही लांब. भर पावसात, सह्याद्रीचा घाट चढून, अण्णा आणि त्यांचे सोबती पायीच साताऱ्यास पोहोचले. तेथे परीक्षकांनी या किरकोळ मुलाकडे पाहिले आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेस बसूच दिले नाही. आल्या वाटेने परत जाणे एवढेच हाती राहिले. तरी अण्णांनी अभ्यास सोडला नाही. पुढे मुंबईत शिकवण्या करून ते शिकले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन पदवीधर झाले.

१८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्या काळी विधुर पुरुष लगोलग दुसरे लग्न करीत असे. विधवा स्त्रीला मात्र ती मुभा नव्हती. आठ-दहा वर्षांच्या मुलीचा नवरा मेला, तर तिचे केशवपन होई आणि उरलेले आयुष्य तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कंठावे अशी रीत होती. अण्णांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. नवविवाहित दांपत्य मुरूडला गेले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ अण्णांच्या आईलाही सोसावी लागली.

विवाह हा थोड्यांपुरता उपाय आहे, विद्या मात्र सर्वांना उपयोगी पडेल, असे अण्णांना दिसून आले. शाळा तर होत्या. पण घराबाहेर पाऊल टाकण्याची परवानगी नसलेली मुलगी शाळेत येणार कशी? १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. स्वतःची शिल्लक त्यांनी आश्रमाला दिली. विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. पुढे शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा आश्रम गावाबाहेर नेणे भाग पडले. पुण्यापासून सुमारे चार मैलांवर हिंगणे येथे दान मिळालेल्या जमिनीवर १९०० साली एक झोपडी उभी राहिली. रस्ता धड नव्हता. पावसाळ्यात गुडघाभर चिखल होई. अण्णा दिवसा महाविद्यालयात गणित शिकवीत आणि सायंकाळी शिधासामान घेऊन चिखल तुडवीत हिंगण्यास जात. रात्री मुलींना शिकवीत आणि सकाळी पुन्हा पायी पुण्यास येत. सनातनी लोक त्यांची निंदा करीत. तिला उत्तर देण्यात अण्णांनी वेळ दवडला नाही. ते वर्गणी मागत दारोदार हिंडत राहिले आणि मिळालेल्या पैन् पैचा हिशेब ठेवीत राहिले. शेवटी गणिताचेच प्राध्यापक ते!

१९०७ साली महिला विद्यालय निघाले आणि १९१६ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. तेथील शिक्षण मातृभाषेतून होई. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. या विद्यापीठात गृहव्यवस्था आणि आरोग्य या विषयांना मोठे स्थान होते. मुली पूल बांधतील किंवा विजेच्या तारा उभारतील, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. अण्णांच्या योजनेतही ते नव्हते. ते काम पुढच्या मुलींनी केले.

ए. ललिता ही मद्रासची मुलगी अठराव्या वर्षी विधवा झाली. कडेवर चार महिन्यांची लेक होती. हिंगण्याच्या झोपडीत आलेल्या मुलींचेच हे दुःख. १९४० साली तिने गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला. लेकीला आप्तांकडे ठेवून ती वसतिगृहात राहिली आणि विद्युत अभियंता झाली. पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या विद्युतकामात तिने भाग घेतला. महाराष्ट्रात शकुंतला भगत यांनी १९५३ साली माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळविली. त्यांच्या कल्पनेचा पोलादी पूल पुढे हिमालयातील स्पिती येथे उभा राहिला. शकुंतलाबाईंना पदवी मिळाली, तेव्हा अण्णा पंचाण्णव वर्षांचे होते.

१९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारत सरकारने अण्णांना भारतरत्न हा किताब दिला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. ज्या हिंगण्यास ते शिधा घेऊन चिखलातून जात, त्या भागाला आता कर्वेनगर म्हणतात. अण्णांच्या संस्थेने १९९१ साली तेथेच मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले.