कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर

आपल्या कोल्हारच्या बाजारांत पानसुपारीचें किंवा तंबाखूचें दुकान शोधावें लागत नाहीं. घरीं पाहुणा आला असतां सुपारीचें तबक पुढें करणें हा तर शिष्टाचारच मानला जातो. या नित्याच्या वस्तूंचा मनुष्याच्या मुखाशीं व प्राणाशीं काय संबंध आहे, हें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहण्यांत ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं कित्येक वर्षें वेंचिलीं, त्या डॉक्टर खानोलकरांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडीलमंडळींनींहि जाणून घेण्याजोगें आहे.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजीं झाला. वैद्यकाच्या अध्ययनासाठीं ते विलायतेस गेले, आणि १९२३ सालीं लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रांतील एम. डी. ही पदवी त्यांनीं मिळविली. रोगानें शरीराच्या सूक्ष्म रचनेंत कोणता बिघाड होतो याचा शोध घेणारें हें शास्त्र. रोग्याची नाडी पाहून नांव व पैसा मिळविणाऱ्या डॉक्टरापुढें हा विकृतिशास्त्रज्ञ बिचारा पडद्याआडचा! तथापि खानोलकरांनीं हाच मार्ग पत्करिला. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत व परळच्या शेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें.

१९४१ सालीं परळ येथेंच टाटा स्मारक रुग्णालय उघडलें व तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. तेथें चालणारें काम मोठें चिकाटीचें असे. रोग्याच्या शरीरांतून काढलेला मांसाचा लहानसा तुकडा औषधी द्रवांत ठेवून टिकाऊ करावयाचा, मेणांत बसवावयाचा, आणि एका मिलिमीटरचे दोनशें भाग करावे इतका पातळ त्याचा पापुद्रा कापावयाचा. तो कांचेच्या पट्टीवर पसरून रंगविला म्हणजे पेशींचीं केंद्रें निळसर व भोंवतालचा भाग गुलाबी दिसूं लागतो. निरोगी पेशी शिस्तीनें बसलेल्या असतात. कर्करोगाच्या पेशी लहानमोठ्या व वेड्यावांकड्या माजलेल्या. हा भेद ओळखण्यावरच रोग्याचा अवयव कापावा कीं राखावा हें ठरत असल्यामुळें पाहणाऱ्याची नजर चुकून चालत नाहीं.

परंतु खानोलकरांची जिज्ञासा कांचेच्या पट्टीपाशीं थांबली नाहीं. हा रोगी काय खातो, काय नेसतो, हेंहि ते विचारीत. चुना लावलेली तंबाखू खालच्या ओठाआड धरून ठेवणाऱ्यांस त्याच ठिकाणीं कर्करोग होतो, आणि धोतर कमरेस सदोदित करकचून बांधणाऱ्यांस कमरेवरील त्वचेस होतो, असें १९४५ सालीं त्यांनीं एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलें. संवयीचें स्थान तेंच रोगाचें स्थान!

पुढें साधा सूक्ष्मदर्शक अपुरा पडूं लागला. परस्परांपासून मिलिमीटरच्या पांचहजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू प्रकाशाच्या साहाय्यानें निराळे दिसूं शकत नाहींत. त्यासाठीं निर्वात नळींतून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारें यंत्र लागतें. तें अतिशय महाग. त्याला स्थिर जागा, अखंड वीज व तरबेज हात हवेत. असें यंत्र प्रत्येक संशोधकानें आपापल्या खोलींत कोठून आणावें? १९५२ सालीं मुंबईंत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें व खानोलकर त्याचे संचालक झाले. तेथें डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ व रसायनज्ञ यांना एका छपराखालीं बसविण्यांत आलें. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनीं शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारिली, डॉ. सत्यवती सिरसाट यांनीं लंडनला शिकून येऊन इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाचा विभाग चालविला. एकीनें वाढविलेली पेशी दुसरीनें पाहावी, अशी ती सोय. आमच्या मतें खानोलकरांच्या कोणत्याहि निबंधापेक्षां ही व्यवस्था अधिक मोलाची होय.

तिचें फळहि दिसलें. सुपारी खाणाऱ्या कित्येकांच्या तोंडाचें आंतील अस्तर पांढुरकें व ताठर होत जातें. पुढें पुढें तोंडांत घांस घालण्यापुरतेंहि तें उघडत नाहीं. या विकाराचा मागोवा घेण्यासाठीं खानोलकर व सिरसाट यांनीं सुपारींतील अरेकोलीन या द्रव्याचा उंदरांच्या तोंडावरील परिणाम तपासला. तेंच मांस साध्या व इलेक्ट्रॉन अशा दोन्ही सूक्ष्मदर्शकांखालीं पाहून त्यांनीं १९६२ सालीं निबंध प्रसिद्ध केला. नुसत्या सुपारीनेंहि, तंबाखूवांचून, कर्करोग होतो हा आंतरराष्ट्रीय संस्थेचा निर्णय २००४ सालीं छापून आला.

१९६० ते १९६३ पर्यंत खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजीं ते निवर्तले. रणदिवे बाईंनीं उतारवयांत आपल्याच जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत, कोल्हारावरून वाहणाऱ्या प्रवरेच्या उगमाकडील मुलुखांत, आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. संशोधन केंद्राचें बिऱ्हाड आतां नव्या मुंबईंत खारघर येथें आहे. तेथील सूक्ष्मदर्शक अद्यापि सामायिकच असून निरनिराळ्या प्रयोगशाळांतील तरुण अभ्यासक आपापल्या कांचेच्या पट्ट्या घेऊन पाळीपाळीनें त्यांपाशीं बसतात.