शॉनी वीर टेकम्से

उत्तर अमेरिकेत ओहायो नदीच्या खोऱ्यात एके काळी घनदाट अरण्ये पसरलेली होती. तेथे शॉनी नावाचे लोक राहत. उन्हाळ्यात त्यांच्या स्त्रिया नदीकाठच्या सुपीक जमिनीत मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत. हिवाळ्यात पुरुष शिकारीसाठी दूर रानात जात. कोलंबसाने चुकून या खंडातील लोकांना इंडियन म्हटले आणि ते नाव पुढे शतकानुशतके चालत राहिले. परंतु हे लोक एक नव्हते. शॉनी, वायंडॉट, मायामी, डेलावेअर, किकापू, पोटावाटोमी अशा त्यांच्या अनेक जमाती होत्या. प्रत्येकीचे नायक निराळे, रीतिरिवाज निराळे आणि परस्परांतील वैरेही जुनी होती.

सुमारे 1768 साली एका शॉनी योद्ध्याच्या घरी टेकम्सेचा जन्म झाला. त्या काळी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळ्या पर्वत ओलांडून या खोऱ्यात शिरू लागल्या होत्या. 1774 साली त्यांच्याशी झालेल्या लढाईत टेकम्सेचे वडील मारले गेले. काही वर्षांनी आईही जमातीतील इतर अनेकांबरोबर पश्चिमेकडे निघून गेली. या पोरक्या मुलाला थोरल्या भावाने शस्त्रविद्या शिकविली. थोरल्या बहिणीने त्याला माया लावली. शॉनींची गावे आणि उभी पिके शत्रूने जाळावीत, माणसांनी नेसत्या वस्त्रानिशी रान गाठावे आणि पुन्हा नवी घरे उभारावीत, हे त्याने बालपणी अनेकदा पाहिले. पुढे तो थोरला भाऊही 1792 साली लढाईत पडला.

टेकम्से शूर होता. पण शूर तरुण त्या जमातीत पुष्कळ होते. त्याचे वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसून आले. एकदा त्याच्या सोबत्यांनी एका कैद्याला जिवंत जाळले. ते दृश्य पाहून टेकम्से संतापला. वयाने लहान असूनही त्याने वडीलधाऱ्यांसमोर या क्रूरतेचा निषेध केला आणि त्यांच्याकडून ती प्रथा सोडून देण्याचे वचन घेतले, असे सांगतात. पुढे अनेक वर्षांनी तो खरोखरच कैद्यांचा रक्षणकर्ता ठरला.

1794 साली फॉलन टिंबर्स येथे अमेरिकन सैन्याने अनेक जमातींच्या योद्ध्यांचा पराभव केला. पळणाऱ्या योद्ध्यांनी जवळच्या इंग्रज किल्ल्याकडे धाव घेतली, तेव्हा मित्र म्हणविणाऱ्या इंग्रजांनी दरवाजे बंद करून घेतले! पुढील वर्षी ग्रीनव्हिल येथे तह झाला आणि आजच्या ओहायो राज्याचा बहुतेक प्रदेश जमातींच्या हातून गेला. ब्लॅक हूफ या वृद्ध शॉनी नायकाने तहावर खूण केली; टेकम्से तहाला गेलाच नाही.

टेकम्सेचा धाकटा भाऊ टेन्स्क्वाटावा हा आधी व्यसनी आणि निरुद्योगी म्हणून ओळखला जाई. 1805 साली त्याला दृष्टान्त झाला. तेव्हापासून तो दारू सोडा, गोऱ्यांच्या चालीरीती टाका, असा उपदेश करू लागला. लोक त्याला प्रेषित मानू लागले. 1808 साली या दोघा भावांनी वॉबॅश आणि टिपेकनू या नद्यांच्या संगमाजवळ प्रेषितनगर वसविले. निरनिराळ्या जमातींचे तरुण तेथे एकत्र नांदू लागले. धाकट्याने जमविलेल्या या समुदायाला राजकीय ध्येय दिले ते थोरल्याने.

ते ध्येय स्पष्ट होते. 1809 साली इंडियाना प्रांताचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याने काही नायकांशी तह करून सुमारे तीस लक्ष एकर जमीन मिळविली. टेकम्सेने हा व्यवहार मानण्याचे नाकारले. 1810 च्या ऑगस्ट महिन्यात तो कित्येक योद्ध्यांसह विन्सेन्स येथे हॅरिसनच्या भेटीस गेला. हॅरिसनने घराच्या ओसरीवर आसने मांडली होती. टेकम्सेने झाडांच्या सावलीत बसणे पसंत केले. तेथे त्याने आपले म्हणणे मांडले. भूमी ही सर्व जमातींची सामाईक ठेव आहे. ज्याप्रमाणे वारा किंवा समुद्र विकता येत नाही, त्याप्रमाणे कोणा एका जमातीला ती विकण्याचा अधिकार नाही. हॅरिसनने हे म्हणणे खोडून काढताच टेकम्से उठून त्याला खोटा म्हणाला. योद्ध्यांनी शस्त्रे उचलली, हॅरिसनने तलवार उपसली. क्षणभर रक्तपात होणार असे वाटले. पण तो टळला. दुसऱ्या दिवशी टेकम्सेने शांतपणे पुन्हा बोलणी केली. मात्र जमिनीचा हक्क त्याने सोडला नाही. याच हॅरिसनने पुढे वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात आपल्या या शत्रूची असामान्य बुद्धिमत्ता मान्य केली आहे.

1811 साली टेकम्से दक्षिणेकडील चॉक्टॉ, क्रीक इत्यादी जमातींना आपल्या संघात आणण्यासाठी शेकडो मैलांच्या प्रवासास निघाला. क्रीकांपैकी काहींना त्याचे विचार पटले. चॉक्टॉ नायक पुशमटाहा याने मात्र उघड विरोध केला. आपण परत येईपर्यंत लढाई करू नये, असे त्याने धाकट्या भावाला बजावले होते. परंतु हॅरिसन सुमारे एक हजार सैनिक घेऊन प्रेषितनगरावर चालून आला. 7 नोव्हेंबरच्या पहाटे, अंधारातच, योद्ध्यांनी त्याच्या छावणीवर हल्ला केला. त्यांना माघार घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी अमेरिकनांनी रिकामे झालेले गाव आणि हिवाळ्यासाठी साठविलेले धान्य जाळून टाकले. टेकम्से परतला तेव्हा त्याला राख दिसली.

1812 साली अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले. किल्ल्याचे बंद दरवाजे टेकम्से विसरला नसेल. तरीही दुसरा आधार नव्हता. तो इंग्रजांना मिळाला. सेनापती ब्रॉक आणि टेकम्से यांनी एकमेकांची योग्यता चटकन ओळखली. 16 ऑगस्ट रोजी डेट्रॉइटच्या किल्ल्यातील दोन हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक त्यांना शरण आले. परंतु ब्रॉक दोनच महिन्यांत लढाईत पडला आणि त्या आघाडीवर प्रॉक्टर हा दुबळा सेनापती उरला. 1813 च्या मे महिन्यात मेग्ज किल्ल्याच्या वेढ्यात काही योद्धे नि:शस्त्र कैद्यांची कत्तल करू लागले. प्रॉक्टरने ती थांबविली नाही. टेकम्से घोडा फेकीत तेथे आला आणि त्याने आपल्याच माणसांना आवरले.

सप्टेंबरात ईरी सरोवरावर इंग्रज आरमाराचा पराभव होताच प्रॉक्टरने माघार घेण्याचे ठरविले. टेकम्सेने भर सभेत त्याला भित्रा ठरविले. पण उपयोग झाला नाही. 5 ऑक्टोबर 1813 रोजी कॅनडातील टेम्स नदीकाठी हॅरिसनच्या तीन हजारांहून अधिक सैन्याने त्यांना गाठले. इंग्रजांची फळी काही मिनिटांतच मोडली आणि प्रॉक्टर निघून गेला. उजवीकडच्या दलदलीत मात्र सुमारे पाचशे योद्धे झाडांच्या आडोशाने लढत राहिले. त्यांच्यात शॉनी होते, वायंडॉट होते, पोटावाटोमी होते. टेकम्सेचा आवाज ऐकू येत होता तोवर त्यांनी जागा सोडली नाही. मग तो आवाज थांबला. टेकम्सेला गोळी लागली होती. तेव्हा तो सुमारे पंचेचाळीस वर्षांचा होता.

त्याला आपणच मारले, असे सांगणारे पुढे अनेक निघाले. त्यांपैकी रिचर्ड जॉन्सन 1837 साली अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. हॅरिसन 1841 साली राष्ट्राध्यक्ष झाला आणि एका महिन्यात वारला. त्या दलदलीत लढलेल्या बहुतेक योद्ध्यांची नावेही कोणी लिहून ठेविली नाहीत. 1830 च्या कायद्यानंतर ओहायोतील उरलेल्या शॉनींना मिसिसिपी नदीपलीकडे जावे लागले. आज त्यांच्या तीन शाखांची केंद्रे ओक्लाहोमा राज्यात आहेत. टेकम्सेचा देह कोठे पुरला, हे आजतागायत निश्चित झालेले नाही.