हाफकिन साहेब ह्यांचे चरित्र

मुंबईत परळ येथे हाफकिन इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु ज्या गृहस्थाचे हे नाव, ते कोण, कोठले आणि त्यांनी ह्या देशातील लोकांसाठी काय सोसले, हे थोड्यांसच माहीत असते. म्हणून त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने देत आहो.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा ह्या बंदराच्या शहरी, एका यहूदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ ह्या थोर शास्त्रज्ञापाशी त्यांचे शिक्षण झाले. त्या राज्यात यहूदी मनुष्यास मानाची जागा मिळणे दुरापास्त होते. राजधर्म स्वीकारला असता वाट मोकळी होती. पण पदासाठी विश्वास बदलणे त्यांनी पत्करले नाही. शेवटी देश सोडून ते पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. आरंभी त्यांस तेथे ग्रंथालयाचे काम मिळाले, व ते सांभाळून त्यांनी रोगजंतूंचा अभ्यास चालविला.

1892 साली त्यांनी पटकीची लस सिद्ध केली आणि ती प्रथम आपल्याच देहात टोचून घेतली. पुढल्या वर्षी ते कलकत्त्यास आले. दोन-अडीच वर्षांत त्यांनी 40,000 हून अधिक लोकांस ही लस टोचली.

1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला. घरोघरी गाठीच्या तापाने माणसे मरू लागली व लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने हाफकिन साहेबांस बोलाविले. ग्रांट मेडिकल कॉलेजात त्यांस एक लहानशी जागा मिळाली. तेथे मांसाच्या रसात तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले. ते उष्णतेने मारून त्यांचीच लस केली. कारण मेलेला जंतू रोग देत नाही, पण त्याची ओळख पटून शरीर खऱ्या रोगाशी लढण्यास सिद्ध होते. सुमारे तीन महिन्यांत हे कार्य तडीस गेले. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. त्या त्यांनी सोसल्या. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी पुढे आले त्यांस ती टोचली. ज्यांनी टोचून घेतले त्यांच्यात रोग पुष्कळ कमी आढळला.

तरी लोकांचे मन शंकित होते, आणि त्यास कारणही होते. प्लेगच्या बंदोबस्तासाठी सरकारी माणसे घरांत शिरत व रोग्यांस बळाने नेत. त्यामुळे सरकारी औषधाचीही धास्ती बसली होती. अशा समयी आगाखान ह्यांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली व आपली एक इमारत ह्या कामी दिली. 1899 साली ही प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली.

पुढे मोठे संकट ओढवले. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी 107 जणांस लस टोचली. त्यांतील 19 जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. दुसऱ्या बाटल्यांतून ज्यांस टोचले त्यांस काही झाले नाही. तरी दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवून हाफकिन साहेबांस कामावरून दूर करण्यात आले. वास्तविक गावात बाटली उघडतेवेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला होता. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञ ह्यांनी 1907 साली लंडनच्या वर्तमानपत्रांतून त्यांचा पक्ष मांडला, तेव्हा ते दोषमुक्त ठरले. परळची जागा मात्र त्यांस परत मिळाली नाही. कलकत्त्यास दुसऱ्या जागी काम करून ते निवृत्त झाले. 1925 साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले.

आता प्लेगवर गुणकारी औषधे निघाली आहेत, व ती जुनी लस सर्रास टोचली जात नाही. पण ह्या चरित्राचा बोध जुना झालेला नाही. जे दुसऱ्यास द्यावयाचे ते ह्या पुरुषाने आधी आपल्या अंगावर घेतले. असा मनुष्य भरवशास पात्र होय. उलट, उत्तम लसही निष्काळजी हाती पडली म्हणजे घात होतो. म्हणून, वाचकहो, गावात लस टोचावयास कोणी आले तर दार लावून बसू नये. सुई स्वच्छ आहे की नाही हे विचारावे, शंका असेल ती समोर बोलावी, व मग लेकरांस पुढे करावे. आणि कोठे अपाय झालाच, तर खरा शोध होईपर्यंत कोणावर ठपका ठेवू नये. मुलकोवालच्या 19 मृतांचे व एका निर्दोष मनुष्याचे आपल्यावर एवढे ऋण आहे.