एकेक डॉलर, एकेक मुलगी

बरगड्या मोजता येतील असं मूल, तोंडावर माशा, आणि खाली मदतीचं आवाहन. टीव्हीवर असं चित्र दिसलं की आपण लगेच म्हणतो, आफ्रिकेतलं असेल. मग हळहळतो आणि चॅनल बदलतो. पण मैत्रिणींनो, सव्वाशे वर्षांपूर्वी असे फोटो आपल्या देशातल्या मुलांचे छापले जायचे आणि ते पाहून अमेरिकेतल्या बायका आपल्या घरखर्चातून पैसे काढून ठेवायच्या. १९०० साली तर 'क्विटो' नावाचं एक अख्खं जहाज मका भरून अमेरिकेहून मुंबईला आलं होतं. तेव्हा उपाशी आपण होतो आणि देणारे ते होते.

त्या बायकांपुढे उभं राहून, आमच्याकडच्या लेकीबाळींसाठी काही द्या, असं मागणारी पहिली मराठी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचलंय. विद्वान होत्या, ख्रिस्ती झाल्या, केडगावला आश्रम काढला, एवढं आठवतं. पण तो आश्रम उभा राहायला पैसा कुठून आला, तो जमवताना या बाईला किती फिरावं लागलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

फिरणं तर त्यांच्या जन्मालाच पुजलेलं होतं. २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतलेला माणूस. पुराणं सांगत, तीर्थयात्रा करत सगळं कुटुंब गावोगाव हिंडायचं. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकायला माणसं राहिली नाहीत आणि दक्षिणाही थांबली. झाडपाला आणि पाणी यांवर दिवस काढायची वेळ आली. काही महिन्यांच्या अंतराने आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. आईची तिरडी उचलायला पुरेसे लोक मिळेनात, तेव्हा रमाबाईंनीच भार घेतला. उंची कमी पडली म्हणून तो डोक्यावर धरावा लागला. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हा एक प्रसंग ध्यानात ठेवायला हवा. उपाशी मूल पाहिलं की त्यांना ते परकं वाटत नसे, त्याचं कारण इथे आहे.

भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन वर्षांचाही संसार झाला नाही आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि कडेवर मनोरमा, दहा महिन्यांची.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे बायकांना वैद्यकीचं शिक्षण द्या म्हणून साक्ष दिली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडला जायची सोय झाली. १८८३ मध्ये मुलीला घेऊन गेल्या त्या डॉक्टर व्हायला, पण कानाने कमी ऐकू येत होतं, त्यामुळे ते जमलं नाही. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. इकडे पुण्यात केवढा गहजब झाला असेल, ते सांगायला नको.

आता अमेरिका. फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या. ११ मार्च १८८६ चा पदवीदान समारंभ पाहायला म्हणून रमाबाई गेल्या आणि जवळजवळ पावणेतीन वर्षं राहिल्या. विचार करा, दोन मराठी बायका, एक सवाष्ण, एक पांढऱ्या लुगड्यातली विधवा, आणि समोर सगळं परकं शहर. आनंदीबाई परत आल्या आणि वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. रमाबाई मागे राहिल्या, कारण त्यांच्या डोक्यात आता एकच गोष्ट होती. बालविधवांसाठी घर हवं, शाळा हवी, आणि आपल्याकडे त्यासाठी कुणी पैसा देणार नाही.

पैसा मागायची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. त्यांनी नुसता पदर पसरला नाही. आधी पुस्तक लिहिलं, 'द हाय कास्ट हिंदू वुमन'. इंग्रजीत. आपल्याकडे मुलीचं लग्न कधी होतं, सासरी काय होतं, नवरा मेला की तिचं काय होतं, हे सगळं त्यात मांडलं. १८८७ मध्ये ते निघालं आणि वर्षभरात हजारो प्रती खपल्या. मग गावोगाव व्याख्यानं. रेल्वेने पूर्वेकडून पश्चिमेकडे, चर्चमध्ये, कॉलेजात, दारूबंदी करणाऱ्या बायकांच्या सभांत. त्या देशात मांसाहाराशिवाय जेवण मिळणं मुश्कील, तरी यांचं शाकाहारी व्रत सुटलं नाही. ऐकू कमी, भाषा परकी, आणि पाच वर्षांची मनोरमा परत इंग्लंडला, वाँटेजच्या जोगिणींकडे ठेवलेली. दुसऱ्यांच्या मुलींसाठी फिरताना आपलीच मुलगी समुद्रापलीकडे. हे बरोबर की चूक, यावर आजही दोन बायका दोन मतं देतील. मला तर त्यांच्या जागी स्वतःला ठेवायचीच भीती वाटते.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली. म्हणजे काय, तर आपल्याकडे भिशी असते ना, तसा बायकांचा गट. फरक एवढाच की भिशीतले पैसे फिरून आपल्याकडेच येतात, इथे यायचे नव्हते. प्रत्येकीने वर्षाला एक डॉलर द्यायचा, तोही दहा वर्षं. एखाद्या श्रीमंताकडून एकदम मोठी रक्कम घेण्यापेक्षा हजारो बायकांकडून थोडं थोडं आणि दरवर्षी घ्यायचं, ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. एक दाता रुसला तर संस्था बसते. हजार जणी एकदम रुसत नाहीत.

याची परीक्षा लवकरच झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती आणि शाळेत धर्माची शिकवण द्यायची नाही असं ठरलं होतं. पण रमाबाईंच्या खोलीत त्यांची प्रार्थना चाले, दार उघडं असे, मुली येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझं दारही लावणार नाही. पालकांचं म्हणणं, आम्ही शिकायला पाठवली, बाटवायला नाही. दोन्ही बाजूंना आपापलं खरं होतं. आणि ज्या विधवा मुलींना परत नेलं, त्यांना कुणी विचारलंच नाही. बोस्टनहून ज्युडिथ अँड्र्यूज नावाच्या बाई स्वतः येऊन सगळं पाहून गेल्या आणि डॉलर येत राहिले.

शारदा सदनातली एक मुलगी मात्र सांगायलाच हवी. देवरुखच्या जोशांची गोदूबाई, आठव्या वर्षी विधवा झालेली. ११ मार्च १८९३ रोजी (पाहा, पुन्हा तीच तारीख) तिचं लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झालं. त्याच कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली. बहात्तर वर्षांचे झाल्यावर, डिसेंबर १९३० मध्ये, ते स्त्रीशिक्षणाचं आपलं काम सांगायला थेट आफ्रिकेला गेले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार, दक्षिण आफ्रिका, असे पंधरा महिने तिथल्या आपल्या लोकांमध्ये हिंडले.

१८९६ चा पाऊस गेला आणि मध्य प्रांतात हाहाकार उडाला. रमाबाईंनी ठरवलं, आपण जायचं. पुण्याहून तिकडे रेल्वेने जायचं म्हणजे मनमाड, आपलं नांदगाव, चाळीसगाव, भुसावळ आणि पुढे खांडवा, हाच लोहमार्ग. आजही आपण भुसावळच्या गाडीत बसतो तो तोच. आपल्या तालुक्याला दुष्काळ नवा नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं आपल्याला माहीत आहे आणि बहात्तरच्या साली खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाऊन दिवस काढलेल्या आज्या आपल्या घराघरांत होत्या. पण बहात्तरला निदान रोजगार हमीचं काम होतं, रेशन होतं. १८९६-९७ मध्ये सरकारी छावण्या होत्या, पण तिथे एकट्यादुकट्या पोरीची धडगत नव्हती. आईबाप मेलेल्या मुलींना फूस लावून नेणारे दलाल छावण्यांभोवती घिरट्या घालत. रमाबाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि तीनशे मुली आणायचं ठरवलं. तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. शारदा सदन तर पन्नासेक जणींसाठी होतं.

मुली आणल्या. पण पुण्यात प्लेग. बाहेरून आणलेल्या एवढ्या अशक्त मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. संस्थेला उत्पन्न मिळावं म्हणून पुणे-दौंड मार्गावर केडगावला शंभरेक एकर जमीन घेऊन फळबाग लावलेली होती. तिथे तंबू आणि झोपड्या ठोकल्या. केसांत उवा, अंगावर खरूज, पोट सुटलेलं, ताटातलं लपवून ठेवायची सवय. कितीतरी वाचल्याही नाहीत. त्यांना न्हाऊमाखू घालायचं, जेवायला शिकवायचं काम कुणी केलं? शारदा सदनातल्या विधवांनी. ज्यांना घरच्यांनी ओवाळून टाकलं होतं, त्याच आता आया झाल्या. विहिरी खोदल्या, इमारती उठल्या, नाव पडलं मुक्ती.

दहा वर्षांची मुदत संपली म्हणून १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. हिशेब दिला आणि असोसिएशन नव्याने उभी राहिली. परत येतात न येतात तोच छप्पन्नचा दुष्काळ. या वेळी गुजरातकडे त्यांनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या बायका पाठवल्या. केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींचा रोजचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणून बघा. मग तिथे विणकाम सुरू झालं, तेलाचे घाणे, छापखाना. टाइप जुळवायच्या त्या बायकाच. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती, तिने आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं.

अखेरची वर्षं रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. पुढे सगळं हाती घेईल असं वाटत होतं ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीतच, गेली. आई त्यानंतर साडेआठ महिने जगली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच रमाबाईंनी डोळे मिटले. बायबलचं छापील पुस्तक दोन वर्षांनी पुरं झालं. आश्रम अजून चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, तिथे उतरायचं.