बटाट्यातील श्वासाचा वेध घेणाऱ्या कमलाबाई

फोर्टमधील विज्ञान संस्थेची दगडी इमारत मुंबईकरांच्या नित्य पाहण्यातली आहे. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाला आकार देणाऱ्या डॉ. कमला सोहोनी मात्र अनेकांना केवळ दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी म्हणूनच ठाऊक असतात. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पण या मानामागची वाट सोपी नव्हती.

वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. साहजिकच १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आलेल्या कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. प्रकाशकिरणांवरील संशोधनासाठी नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन तेथे संचालक होते. मुलगी आहे, एवढ्याच कारणास्तव त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा निर्धार केला, तेव्हा एका वर्षाच्या परीक्षणाची अट घालून त्यांना घेण्यात आले. गुरू श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. त्यांचे काम पाहून रामन यांनी संस्थेचे दार मुलींसाठी उघडले. तरीही त्या नकाराचा सल कमलाबाईंच्या मनातून कधी गेला नाही.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. तेथेच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली होती. जिवंत पेशींतून आलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, की त्यात काही काळे पट्टे दिसतात. पेशींना हवा मिळताच ते पुसट होतात आणि प्राणवायू संपताच पुन्हा उमटतात. हे पट्टे ‘सायटोक्रोम’ या लोहयुक्त प्रथिनांचे होते. पेशीतील तंतुकणिकांच्या आतील पटलाला बिलगून राहणारे सायटोक्रोम-सी हे त्यांपैकीच एक. इलेक्ट्रॉन एकाकडून घेऊन दुसऱ्याकडे पोहोचवणे हे त्याचे काम; श्वसनातून मिळणारी ऊर्जा या देवघेवीवर अवलंबून असते. वनस्पतींच्या पेशीही याच रीतीने श्वास घेतात, हे कमलाबाईंनी बटाट्यावरील संशोधनातून पुढे आणले. जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

परदेशात राहण्याचा मोह टाळून त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा येथे काम केल्यानंतर १९४७ मध्ये माधवराव सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईत स्थिरावल्या. विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन डाळी, भाताचे पीठ आणि नीरा यांचा कसून अभ्यास केला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेल्या नीरेच्या संशोधनातून तिच्यातील जीवनसत्त्वे आणि लोह यांचे मोल सिद्ध झाले. गरोदर स्त्रिया आणि आदिवासी मुले यांच्या कुपोषणावर हा स्वस्त उपाय ठरू शकतो, असे त्यांनी दाखवले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांच्या सल्ल्याचा लाभ झाला.

संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे उशिरानेच आले. १९६९ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. भेसळीविरुद्ध ग्राहकांना जागे करणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी १९८२-८३ मध्ये भूषवले. १९९८ मध्ये दिल्लीतील एका सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि अल्पावधीत त्यांचे निधन झाले.

आज शास्त्रज्ञ प्रकाशाचा उपयोग पेशींचे अंतरंग पाहण्यापुरता करीत नाहीत. प्रथिनांचे सूक्ष्म थेंब पटलाला चिकटावेत की सुटावेत, हेही प्रकाशाच्या झोताने ठरवण्याचे प्रयोग होत आहेत. कमलाबाईंच्या काळी प्रकाशाकडून केवळ साक्ष मिळत असे. तेवढ्या साक्षीवर त्यांनी बटाट्यासारख्या सामान्य कंदात सजीवांच्या श्वसनाचे समान सूत्र ओळखले आणि मिळवलेली विद्या सामान्यांच्या ताटापर्यंत आणली.